‘मोरोविंड’साठी जमवलेला मॉडसंग्रह इतरांना कसा द्यावा

बेथेस्डा कंपनीचा ‘द एल्डर स्क्रोल्स ३ : मोरोविंड’ हा खेळ मे २००२ मध्ये विंडोज संगणकांसाठी आला, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘ट्रिब्युनल’ आणि २००३ च्या जूनमध्ये ‘ब्लडमून’ असे त्याचे दोन विस्तारही आले. खेळ ज्या साधनाने घडवला गेला, ते ‘कन्स्ट्रक्शन सेट’ कंपनीने खेळासोबतच ग्राहकांच्या हाती दिले होते, त्यामुळे मॉड, म्हणजे खेळात बदल किंवा भर घालणाऱ्या फाइली, बनवणाऱ्यांची परंपरा या खेळाइतकीच जुनी आहे आणि ती अजून थांबलेली नाही. आज नव्याने खेळ घेणाऱ्याला मॉडांचा तुटवडा मुळीच जाणवत नाही. हजारोंच्या या ढिगातून कोणते मॉड घ्यावेत, ते कोणत्या क्रमाने लावावेत आणि त्यांतले कोणते एकमेकांचे काम बिघडवतात, हे त्याला कळत नाही. ज्याने स्वतःच्या संगणकावर पन्नास-साठ मॉडांची घडी नीट बसवली आहे, त्याच्यापाशी या प्रश्नांची उत्तरे असतात, आणि ती इतरांना वापरता येतील अशा रूपात कशी मांडावीत, हे या लेखात सांगायचे आहे.

संग्रह देणे म्हणजे मॉडांच्या फाइली एकत्र बांधून त्यांची झिप फाइल कुठेतरी चढवणे नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. तसे करणे सोपे असते आणि बहुतेक वेळा अयोग्यही असते. प्रत्येक मॉडवर त्याच्या कर्त्याचा हक्क असतो, आणि मॉड फुकट मिळतो म्हणून तो पुन्हा वाटण्याची मुभा आपोआप मिळत नाही. शिवाय अशा गाठोड्यात नेमके काय आहे, कोणती आवृत्ती आहे, कोणत्या फाइलीत संग्राहकाने स्वतः बदल केला आहे, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग उरत नाही. संग्राहकाने द्यायची असते ती यादी : मॉडांची नावे, ते जिथून मूळ कर्त्याने दिले आहेत त्या पानांचे दुवे, आवृत्त्या, प्रत्येकातून घ्यायचे भाग, लोड ऑर्डर (खेळ मॉड ज्या क्रमाने वाचतो तो क्रम), सेटिंग आणि या सर्वांमागची कारणे. पुढे ज्या साधनांचा उल्लेख येईल, तीही मुळात याच तत्त्वावर चालतात.

परवानग्यांचा विचार

नेक्सस मॉड्स या मॉड देण्याघेण्याच्या संकेतस्थळावरील प्रत्येक मॉडच्या पानावर परवानग्यांचा एक स्वतंत्र भाग असतो आणि तो वाचल्याशिवाय मॉड यादीत घेऊ नये, असा नियम स्वतःला घालून घ्यावा. मॉड दुसऱ्या संकेतस्थळावर चढवता येतो का, त्यात बदल करून तो प्रसिद्ध करता येतो का, त्यातली चित्रे आणि त्रिमितीय आकार दुसऱ्या मॉडमध्ये वापरता येतात का, हे प्रश्न तिथे वेगवेगळे मांडलेले असतात आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळी असू शकतात. निव्वळ दुवा देण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. परंतु एखाद्या प्लगइनमधली, म्हणजे मॉडच्या ज्या मुख्य फाइलीत खेळातले बदल नोंदवलेले असतात तिच्यातली, चूक दुरुस्त करून तो दुरुस्त प्लगइन संग्रहासोबत द्यायचा असेल, तर परवानगी लागतेच. कर्ता अनेक वर्षांपासून दिसेनासा झाला असेल आणि पाठवलेल्या संदेशाला उत्तर येत नसेल, तर त्या मौनाला होकार समजू नये. अशा वेळी मूळ मॉडला हात न लावता, त्याच्यावर अवलंबून राहणारा आणि फक्त आपला बदल असलेला छोटा पॅच (दुरुस्तीची फाइल) तयार करून तो देणे हा सरळ मार्ग असतो.

‘मोरोविंड’च्या बाबतीत हा प्रश्न जरा अधिकच गुंतागुंतीचा आहे, कारण या खेळाचे कितीतरी मॉड नेक्ससच्या आधीच्या काळातले आहेत. ‘प्लॅनेट एल्डर स्क्रोल्स’सारखी त्या वेळची संकेतस्थळे बंद पडली आणि तिथले मॉड इतरांनी जपून ठेवलेल्या अभिलेखांतून आज मिळतात. अशा मॉडसोबत आलेली रीडमी ही माहितीची फाइल हाच कर्त्याच्या इच्छेचा एकमेव पुरावा असतो, म्हणून ती उघडून पूर्ण वाचावी. कित्येकदा तिच्यात दोनच ओळी असतात, परंतु त्यांपैकी एक नेमकी याच विषयाची असते. आणि संग्रहासाठी कोणाकडूनही पैसे आकारू नयेत, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

पाया आधी ठरवावा

यादीतला पहिला मॉड निवडण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो, कारण पुढची सारी निवड त्याच्यावर अवलंबून असते. ‘मोरोविंड’ आज दोन प्रकारे खेळला जातो. एक म्हणजे कंपनीचे मूळ इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा मूळ प्रोग्रॅम. त्यातल्या चुका ‘मोरोविंड कोड पॅच’ने दुरुस्त केल्या जातात, दूरवरचा प्रदेश दिसण्यासाठी ‘एमजीई एक्सई’ वापरले जाते आणि नव्या पद्धतीच्या स्क्रिप्टांसाठी ‘एमडब्ल्यूएसई’ जोडले जाते. दुसरे म्हणजे ‘ओपनएमडब्ल्यू’ हे स्वयंसेवकांनी नव्याने लिहिलेले मुक्त इंजिन, जे विंडोजबरोबर लिनक्स आणि मॅकवरही चालते. त्यालाही मूळ खेळाच्या फाइली लागतातच, म्हणजे खेळ विकत घेतलेला असणे दोन्हीकडे आवश्यक आहे.

हे दोन्ही मार्ग एका संग्रहात सांभाळण्याचा प्रयत्न करू नये. एमडब्ल्यूएसईवर चालणारे मॉड ओपनएमडब्ल्यूमध्ये चालत नाहीत, आणि ओपनएमडब्ल्यूच्या स्वतःच्या ल्युआ भाषेतल्या स्क्रिप्टा मूळ इंजिनाला कळत नाहीत. काही मॉडांची तर दोन्ही इंजिनांसाठी वेगवेगळी रूपे असतात. ‘ग्राफिक हर्बलिझम’ हा झाडाझुडपांवरची औषधी द्रव्ये एका क्लिकमध्ये तोडता येण्याची सोय करणारा मॉड घ्या : मूळ इंजिनात त्याला एमडब्ल्यूएसईची स्क्रिप्ट लागते, तर ओपनएमडब्ल्यूमध्ये ही सोय इंजिनातच असल्याने फक्त झाडांचे नवे आकार पुरेसे होतात. नुसते ‘ग्राफिक हर्बलिझम घ्या’ असे लिहिलेली यादी म्हणूनच अर्धवट ठरते. प्लगइनांची मर्यादा हाही एक मुद्दा आहे. मूळ इंजिनाची स्वतःची मर्यादा एका वेळी २५५ प्लगइनांची आहे, तर ओपनएमडब्ल्यूमध्ये ही मर्यादा आड येत नाही. नवख्यांसाठी संग्रह करायचा असेल, तर माझा कौल निःसंशय ओपनएमडब्ल्यूला आहे. त्याचे खरे कारण लोड ऑर्डरशी निगडित आहे आणि ते पुढे येईल.

पायाच्याच संदर्भात आणखी तीन गोष्टी यादीच्या अगदी वरच्या भागात लिहाव्यात. खेळ दोन्ही विस्तारांसह असला पाहिजे. स्टीम आणि गॉग या ऑनलाइन दुकानांत आज मिळणारी आवृत्ती तशीच असते. खेळ इंग्रजी भाषेतला असला पाहिजे, कारण जर्मन किंवा फ्रेंच आवृत्तीत ठिकाणांची नावेही भाषांतरित असतात आणि इंग्रजी मॉड त्या नावांवर अडखळतात. आणि खेळ विंडोजच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डरबाहेर बसवलेला असावा, कारण त्या फोल्डरात लिहिण्यावर विंडोज निर्बंध घालते आणि मग बसवलेली फाइल भलतीकडेच जाते किंवा बदललीच जात नाही. या तीन वाक्यांमुळे पुढच्या निम्म्या तक्रारी वाचतात.

निवड

निवडीबाबत माझे मत थोडे कठोर आहे. संग्रहाला एक हेतू असावा आणि तो एका वाक्यात सांगता यावा : मूळ खेळ जसा होता तसाच ठेवून फक्त चुका दूर करणे, किंवा दृश्यरूप सुधारणे, किंवा नवा भूभाग आणि नव्या मोहिमा जोडणे. जो मॉड त्या वाक्यात बसत नाही तो कितीही आवडता असला तरी बाहेर ठेवावा. तीनशे मॉडांचा संग्रह दिसायला भरगच्च वाटतो खरा, परंतु त्यातला प्रत्येक मॉड उद्या बदलू शकतो, काढला जाऊ शकतो किंवा शेजारच्याशी भांडू शकतो, आणि या सगळ्याची जबाबदारी संग्राहकावर येते. पहिला संग्रह साठ मॉडांच्या आत ठेवावा, असे मी सुचवीन.

चुका दूर करण्यासाठी ‘पॅच फॉर प्युरिस्ट्स’ जवळपास प्रत्येक संग्रहात असतो आणि तो असावाच, कारण तो खेळाचा तोल न बदलता संवादांतल्या, मोहिमांतल्या आणि वस्तूंच्या मांडणीतल्या चुका सुधारतो. त्यानंतर दृश्यगती सुधारणारे ‘मोरोविंड ऑप्टिमायझेशन पॅच’ आणि ‘प्रोजेक्ट अ‍ॅटलस’ हे दोन मॉड विचारात घ्यावेत. खेळाचा तोल जपणाऱ्या छोट्या मॉडांपैकी ‘एक्स्पान्शन डिले’चा उल्लेख मुद्दाम करतो. ‘ट्रिब्युनल’ बसवले की अगदी पहिल्या पातळीवरच्या पात्रावरही झोपेत डार्क ब्रदरहुडचे मारेकरी चालून येतात, आणि त्यातून वाचलेल्या नवख्याच्या हाती इतके महागडे चिलखत लागते की पुढचे कित्येक तास पैशाची चणचण म्हणून उरत नाही. हा मॉड विस्तारांचे आरंभ पुढे ढकलतो. असे मॉड यादीत का आहेत, हे दोन वाक्यांत लिहिले की वाचणाऱ्याचा संग्राहकाच्या निवडीवर विश्वास बसतो.

नवा भूभाग हवा असल्यास ‘टॅमरिएल रिबिल्ट’ला पर्याय नाही. मूळ खेळ फक्त व्हार्डेनफेल बेटावर घडतो, आणि मोरोविंड प्रांताची उरलेली मुख्य भूमी हा प्रकल्प टप्प्याटप्प्याने उभी करतो आहे. मात्र तो ‘टॅमरिएल डेटा’ या वस्तूंच्या आणि चित्रांच्या सामायिक साठ्यावर अवलंबून असतो, आणि स्कायरिम व सिरोडिल प्रांतांवर काम करणारे भगिनी-प्रकल्पही त्याच साठ्यावर उभे असतात. साठा नवा आणि प्रकल्प जुना, किंवा याच्या उलट झाले, तर वस्तू गायब होतात आणि खेळ सुरू होतानाच त्रुटींचे संदेश येतात. म्हणून या दोघांच्या आवृत्त्या नेहमी जोडीने लिहाव्यात. ‘ओएएबी डेटा’ या दुसऱ्या लोकप्रिय साठ्यालाही हेच लागू आहे.

एका मॉडची नोंद कशी असावी

यादीतील प्रत्येक नोंद अशी असावी की ती वाचून अनोळखी माणसाला कोणालाही न विचारता तो मॉड तंतोतंत बसवता यावा. नोंदीत मॉडचे नाव आणि कर्त्याचे नाव त्यांनी स्वतः लिहिले आहे त्याच रूपात असावे. दुवा मॉडच्या पानाचा असावा, थेट फाइलीचा नसावा, कारण पानावर कर्त्याचे इशारे आणि आवश्यक गोष्टींची यादी असते आणि ती वाचली जाणे गरजेचे असते. आवृत्तीचा आकडा तर हवाच. एका पानावर मुख्य, पर्यायी आणि जुन्या अशा अनेक फाइली असतात, तेव्हा डाउनलोड करायच्या फाइलीचे पूर्ण नावही हवे.

‘मोरोविंड’च्या मॉडांमध्ये अंकांनी सुरू होणाऱ्या उपफोल्डरांची एक जुनी प्रथा आहे. फाइल उघडली की आत शून्य-शून्य ‘कोअर’, मग शून्य-एक, शून्य-दोन असे फोल्डर दिसतात. पहिला सर्वांसाठी असतो आणि बाकीचे पर्याय असतात : कुठे गडद रंगाची टेक्स्चरे (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रे), कुठे दुसऱ्या मॉडशी जुळवून घेणारा पॅच, तर कुठे कमी ताकदीच्या संगणकासाठी हलकी प्रत. संग्राहकाने यातले कोणते घेतले, हे लिहिले नाही तर घेणारा सगळेच एकावर एक ओततो, आणि दोन परस्परविरोधी पर्याय एकत्र आल्यामुळे होणारा बिघाड शोधायला कठीण जातो. ‘शून्य-शून्य आणि शून्य-तीन घ्या, शून्य-तीन कशासाठी, तर आपल्या यादीत बाल्मोरा शहर बदलणारा मॉड आहे म्हणून’ असे कारणासकट एक वाक्य इथे पुरते.

टेक्स्चरांचा आकारही नोंदीत सांगावा. चार-के आकाराची टेक्स्चरे संग्राहकाच्या यंत्रावर सुरळीत चालत असली, तरी साध्या लॅपटॉपवर ग्राफिक्सची स्मृती भरून खेळ अडखळतो. आणि २००२ च्या खेळातल्या मातीच्या मडक्याला एवढ्या बारीक तपशिलाची गरज असते का, हाही प्रश्नच आहे. हलका पर्याय उपलब्ध असेल तर तो मूळ यादीत ठेवून जड पर्याय ऐच्छिक म्हणून नोंदवावा.

लोड ऑर्डर आणि एकत्रीकरण

बहुतांश संग्रह इथेच फसतात. प्लगइन दोन प्रकारचे असतात, ईएसएम आणि ईएसपी. मूळ इंजिन आधी ईएसएम आणि नंतर ईएसपी फाइली वाचते, आणि त्या-त्या गटातला क्रम फाइलीच्या शेवटच्या बदलाच्या तारखेवरून ठरवते. याचा अर्थ असा की लोड ऑर्डर कोणत्याही यादीत साठवलेली नसते. ती फाइलींच्या तारखांत दडलेली असते. संग्राहकाच्या संगणकावर व्यवस्थित लागलेला क्रम घेणाऱ्याकडे तसाच येईल याची खात्री नसते, कारण झिप उघडण्याची पद्धत किंवा एखादे दुरुस्तीचे साधन तारखा बदलून टाकू शकते. ओपनएमडब्ल्यूमध्ये हाच क्रम सीएफजी या सेटिंगच्या फाइलीत साध्या मजकुराच्या रूपात, ओळीखाली ओळ, लिहिलेला असतो. ‘डेटा’ने सुरू होणाऱ्या ओळी फोल्डरांचे पत्ते सांगतात आणि खालच्या फोल्डरातली फाइल वरच्या फोल्डरातल्या त्याच नावाच्या फाइलीवर मात करते, ‘कंटेंट’ने सुरू होणाऱ्या ओळी प्लगइनांचा क्रम सांगतात. मॉड वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवता येतात, त्यामुळे मूळ खेळाच्या फोल्डराला हातही लावावा लागत नाही. या ओळी जशाच्या तशा उतरवून दिल्या आणि फोल्डरांचे पत्ते बदलायला सांगितले, की घेणाऱ्याकडे तोच क्रम तयार होतो. नवख्यांसाठी ओपनएमडब्ल्यूला कौल देण्याचे कारण हे आहे.

मूळ इंजिनासाठीच संग्रह करायचा असल्यास ‘एमलॉक्स’ हे साधन उपयोगी पडते. समुदायाने वर्षानुवर्षे जमवलेल्या नियमांवरून ते क्रम सुचवते आणि ज्ञात विसंगतींचे इशारे देते. मात्र अगदी नव्या किंवा फारशा परिचित नसलेल्या मॉडचा नियम त्यात नसू शकतो. तेव्हा त्याची सूचना तपासून घ्यावी आणि अंतिम क्रम यादीत क्रमांकांसह लिहून द्यावा.

क्रम बरोबर असला तरी एक अडचण शिल्लक राहते. खेळात कोणत्या पातळीवर कोणता प्राणी समोर येईल आणि कोणत्या पेटीत काय सापडेल, हे पातळीनुसार लावलेल्या याद्यांवरून ठरते. समजा, एका मॉडने अशा यादीत नवा प्राणी घातला आणि दुसऱ्या मॉडने त्याच यादीत वेगळा प्राणी घातला, तर शेवटी लोड होणाऱ्या मॉडची यादी तेवढी टिकते आणि पहिल्याचा प्राणी खेळात कधीच दिसत नाही. त्रुटीचा कोणताही संदेश येत नाही, त्यामुळे हे लक्षातही येत नाही. यासाठी सर्व प्लगइनांतल्या याद्या एकत्र करून एक नवे प्लगइन बनवावे लागते. मूळ इंजिनासाठी ‘टीईएस३सीएमडी’ची ‘मल्टिपॅच’ ही आज्ञा आणि ओपनएमडब्ल्यूसाठी ‘डेल्टाप्लगइन’ ही साधने हेच काम करतात. हे एकत्रित प्लगइन आपण तयार करून वाटण्याचा मोह टाळावा. त्यात इतरांच्या मॉडांतली माहिती असते, आणि घेणाऱ्याने एक जरी ऐच्छिक मॉड वगळला तरी ते त्याच्यासाठी चुकीचे ठरते. ते कसे बनवायचे याच्या पायऱ्या लिहाव्यात आणि ते प्रत्येकाने शेवटी स्वतःच बनवावे.

जुन्या प्लगइनांच्या स्वच्छतेचेही तसेच आहे. कन्स्ट्रक्शन सेटमधील एका दोषामुळे कित्येक जुन्या प्लगइनांत विस्तारांच्या ७२ सेटिंगांपैकी काही नकळत शिरलेल्या असतात आणि त्या इतर मॉडांनी केलेले बदल पुसून टाकतात. टीईएस३सीएमडीने त्या काढता येतात. स्वच्छ केलेली प्रत आपण वाटू नये. कोणती प्लगइने स्वच्छ करायची, त्यांची नावे द्यावीत. एखादा कर्ता स्वच्छता करू नका असे स्पष्ट लिहितो, तेव्हा त्याचे ऐकावे.

गवताच्या मॉडांविषयी एक इशारा आवर्जून द्यावा लागतो. ओपनएमडब्ल्यूमध्ये गवताचे प्लगइन ‘कंटेंट’ ओळीत लिहायचे नसते. त्यासाठी ‘ग्राउंडकव्हर’ने सुरू होणारी वेगळी ओळ असते. ते चुकून सामान्य प्लगइन म्हणून लागले, तर गवताची प्रत्येक काडी खेळासाठी स्वतंत्र वस्तू होते आणि चांगला संगणकही हतबल होतो. मूळ इंजिनात एमजीई एक्सईने दूरचा प्रदेश तयार करताना हे प्लगइन वापरायचे असते आणि खेळताना बंद ठेवायचे असते. संग्रहाच्या सूचनांमध्ये हे ठळक अक्षरांत असावे.

कोणत्या साधनाने द्यावे

यादी तयार झाल्यावर ती तीन प्रकारे देता येते. पहिला म्हणजे नेक्ससवरची संग्रहांची सोय. त्यात संग्राहक व्होर्टेक्स या व्यवस्थापकातून आपली यादी प्रसिद्ध करतो आणि घेणाऱ्याचा व्होर्टेक्स मूळ पानांवरून मॉड उतरवून घेतो. प्रत्येक मॉडसाठी नेमकी तीच आवृत्ती हवी, शक्यतो तीच हवी, की नवीनतम चालेल, हे संग्राहकाला ठरवता येते. मोठ्या साठ्यांसाठी आणि शहरे बदलणाऱ्या मॉडांसाठी पहिलाच पर्याय निवडावा. विनामूल्य खाते असलेल्यांना प्रत्येक मॉडसाठी स्वतः क्लिक करावे लागते, सशुल्क सदस्यांना नाही. हा फरक सूचनांत आधीच सांगावा, म्हणजे कोणाचा गैरसमज होत नाही.

दुसरे साधन ‘वाबाजॅक’. ते मॉड ऑर्गनायझर २ या मॉड-व्यवस्थापकातली संग्राहकाची संपूर्ण मांडणी तपासते, प्रत्येक फाइल कुठल्या मूळ डाउनलोडमधून आली हे ओळखते आणि फक्त कृतीच्या पायऱ्या व फरकांची नोंद साठवते. घेणाऱ्याकडे मूळ डाउनलोड उतरवून त्यांतून तीच मांडणी पुन्हा उभी केली जाते. अनुरूपता पाहिली तर याच्याइतके अचूक दुसरे साधन नाही. परंतु त्यासाठी संग्राहकाची मांडणी शिस्तशीर असावी लागते, आणि कोठून आली हे सांगता येत नाही अशी एकही फाइल त्यात चालत नाही. मोठ्या आणि स्थिर झालेल्या संग्रहासाठीच ते योग्य आहे.

तिसरा मार्ग साध्या लिखित यादीचा. तो जुनाट वाटेल, पण साठ मॉडांपर्यंतच्या संग्रहासाठी मला तोच सर्वांत टिकाऊ वाटतो, कारण तो कोणत्याही एका साधनावर अवलंबून नसतो आणि बसवणाऱ्याला आपण काय बसवत आहोत हे कळत जाते. अशी यादी मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, उलट ओळखीच्या मंडळींसाठी ती मराठीतच असावी. फक्त मॉडांची, फाइलींची आणि फोल्डरांची नावे मूळ रोमन लिपीत, एकही अक्षर न बदलता द्यावीत.

चाचणी

संग्रह प्रसिद्ध करण्यापूर्वी तो आपणच परका होऊन बसवून पाहावा. खेळाची कोरी प्रत वेगळ्या फोल्डरात घ्यावी, आपलीच यादी समोर ठेवावी आणि तिच्यात लिहिलेले नाही असे काहीही करू नये. ज्या पायरीवर आठवणीचा आधार घ्यावासा वाटतो, ती पायरी यादीत अपुरी आहे असे समजावे. त्यानंतर नवा खेळ सुरू करून सेयडा नीनच्या बंदरावर उतरावे, तिथल्या कचेरीतली पात्रनोंदणी पूर्ण करून बाहेर पडावे आणि चालत बाल्मोराकडे निघावे. वाटेत जमीन फाटलेली, झाडे हवेत लटकलेली किंवा दगड रस्त्यावर आलेले दिसतात का, ते पाहावे. दोन मॉडांनी एकाच जागेची जमीन बदललेली असली की भूभागाच्या तुकड्यांच्या सीमेवर अशी भेग पडते. बाल्मोरात प्रत्येक दार उघडून पाहावे, कारण शहर बदलणाऱ्या दोन मॉडांची टक्कर दारांमध्येच सर्वांत आधी कळते. आत गेल्यावर बाहेर पडताना माणूस भलत्याच ठिकाणी निघतो.

पुढची ठिकाणे चालत गाठण्याची गरज नाही. कन्सोल (आज्ञा लिहिण्याची खिडकी) उघडून ‘सीओसी’ आज्ञेपुढे ठिकाणाचे नाव लिहिले की तिथे पोहोचता येते. व्हिव्हेक, आल्ड-रून, साड्रिथ मोरा, तसेच यादीतल्या मॉडांनी ज्यांना हात लावला आहे अशी सर्व गावे या रीतीने तपासावीत. हरवलेल्या आकाराच्या जागी उद्गारचिन्ह असलेली पिवळी खूण दिसते, आणि ओपनएमडब्ल्यूमध्ये टेक्स्चर हरवले असेल तर ती वस्तू भडक गुलाबी दिसते. यातले काही दिसले, तर बहुधा एखादा उपफोल्डर घ्यायचा राहिला आहे किंवा मॉडसोबतच्या बीएसए (अनेक फाइली एकत्र बांधलेल्या) फाइलीची नोंद सेटिंगमध्ये झालेली नाही. ओपनएमडब्ल्यूची लॉग (खेळ चालताना होणाऱ्या नोंदींची) फाइल आणि मूळ इंजिनाची ‘वॉर्निंग्ज’ फाइल दोन्ही वाचाव्यात. सगळेच इशारे गंभीर नसतात, परंतु जे निरुपद्रवी म्हणून आपण सोडून दिले, ते यादीत लिहून ठेवावेत, म्हणजे घेणारा घाबरत नाही.

प्रसिद्ध केल्यानंतर

संग्रहात बिघाड झाला तर लोकांनी संग्राहकाकडे यावे, मॉडच्या कर्त्याकडे जाऊ नये, असे पहिल्याच पानावर लिहावे. मॉडच्या कर्त्याने त्याचा मॉड आपल्या विशिष्ट साठ मॉडांसोबत चालेल असे वचन कधी दिलेले नसते, आणि दुसऱ्याच्या जुळणीतल्या तक्रारी त्याच्या दारी जाऊ लागल्या की तो वैतागतो, हे स्वाभाविक आहे. तक्रार करणाऱ्याकडून इंजिनाची आवृत्ती, सीएफजी फाइल, लॉग फाइल आणि त्याने यादीबाहेरचे काय घातले आहे याची माहिती मागावी. शेवटचा प्रश्न नम्रपणे पण प्रत्येक वेळी विचारावा, कारण ‘मी काहीच बदललेले नाही’ असे सांगणाऱ्याकडे बहुधा एखादा मॉड जास्तीचा निघतो.

संग्रहाच्या प्रत्येक आवृत्तीला क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकातून अर्थ कळावा. टेक्स्चर बदलले, सूचना सुधारल्या किंवा दुवा दुरुस्त केला, तर दशांशानंतरचा आकडा वाढवावा. प्लगइन वाढले, कमी झाले किंवा भूभाग बदलला, तर मुख्य आकडा वाढवावा आणि चालू खेळ याच्यावर पुढे नेता येणार नाही असे स्पष्ट लिहावे. चालू खेळातून प्लगइन काढून टाकल्यास त्यातल्या वस्तू, स्क्रिप्टा आणि मोहिमांच्या खुणा सेव्ह फाइलीत लोंबकळत राहतात, आणि ‘टॅमरिएल रिबिल्ट’सारख्या मोठ्या प्रकल्पाची नवी आवृत्ती आली की जुन्या सेव्हमध्ये माणूस एखाद्या डोंगराच्या पोटात उभा राहू शकतो. ज्याने चाळीस तास खेळ खेळला आहे, त्याला जुनी यादी मिळत राहिली पाहिजे. म्हणून जुन्या आवृत्त्यांची पाने पुसू नयेत.

कर्त्याने मॉड काढून घेतला, तर पर्याय शोधण्यासाठी थोडा वेळ घ्यावा, पण त्याची जुनी प्रत गुपचूप दुसरीकडे ठेवून दुवा देऊ नये. नेक्सस २०२१ पासून काढलेल्या फाइली संग्रहांसाठी अभिलेखात ठेवते, त्यामुळे तिथल्या संग्रहांना हा धक्का कमी बसतो. लिखित यादीला मात्र तो पूर्ण बसतो. अशा वेळी त्या नोंदीवर ‘आता उपलब्ध नाही’ असे लिहून, तो नसताना कोणकोणते पॅच वगळायचे, ते खाली द्यावे. कर्त्याने स्वतःहून आपला मॉड यादीतून काढायला सांगितले, तर कारण न विचारता काढावा. आणि संग्रहाकडे पुढे लक्ष देणे शक्य होणार नाही असे दिसल्यास, शेवटची चाचणी कोणत्या महिन्यात आणि ओपनएमडब्ल्यूच्या कोणत्या आवृत्तीवर केली, हे पानाच्या माथ्यावर लिहून, यादी पुढे नेऊ इच्छिणाऱ्याला तशी मोकळीक असल्याचे नोंदवून ठेवावे.